एक गाठ आणि तोंडभर चुका

थोरल्या मास्तरांच्या हाताखालून पंचेचाळीस वर्षांत अर्ध्या गावाचे पाय गेले होते. जोडे करणारा माणूस. लोकांच्या पायाशी बसण्यातच त्याचा जन्म गेला. कोणाची टाच फुटलेली, कोणाचा अंगठा वाकडा, कोणाला भोवरी, कोणाच्या घोट्याशी चरबीची मऊ गाठ. पायाला काही झालं की लोक आधी मास्तरांकडे यायचे आणि मग जमलं तर डॉक्टरकडे. मास्तर प्रत्येकाला एकच सांगायचे, "काही नाही हो, जोडा जरा सैल करू, जाईल निघून." दहातल्या नऊ वेळा ते निघूनही जायचं. दहाव्याचं काय झालं याची मास्तरांनी कधी चौकशी केली नव्हती.

आणि एका मंगळवारी सकाळी डाव्या पायात मोजा चढवताना, पावलाच्या वरच्या अंगाला, जिथे जोड्याची नाडी बांधतात बरोबर तिथे, त्यांच्या बोटाला स्वतःचीच गाठ लागली. चांगली बोराएवढी.

लोकांची गाठ ती नुसती गाठ, आपली गाठ म्हणजे वरून आलेलं बोलावणं. मास्तरांनी मोजा झटकन वर ओढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मनातल्या मनात हिशेब मांडला की आपण आता सहासष्टचे, वडील अडुसष्टाव्या वर्षी गेले, म्हणजे तसं फार अन्याय झाला असं म्हणता येणार नाही. ज्या माणसाने तीनशे लोकांना "काही नाही हो" सांगितलं होतं, त्याला स्वतःला तेवढे तीन शब्द सांगता येईनात.

बायकोला सांगायचा प्रश्नच नव्हता. ती घाबरेल म्हणून नव्हे. ती "तरी मी म्हणत होते" म्हणेल म्हणून. काय म्हणत होती हे महत्त्वाचं नाही, ती कायमच काहीतरी म्हणत असते. मास्तर रात्री मोजे घालून झोपू लागले. भाजीला नावं ठेवायची त्यांनी बंद केली. कोणत्या कपाटात काय आहे ते न विचारता सांगू लागले. तिसऱ्या दिवशी बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप तर नाही," ती म्हणाली. "मग आज मीठ जास्त पडलंय ते बोलत का नाही?"

"छान झालीय भाजी," मास्तर म्हणाले आणि आणखी वाढून घेतली.

बायकोने त्यांच्या डाव्या पायातल्या मोज्याकडे एकदा पाहिलं. धुणं तीच धूत असे, आणि डाव्या पायाचा प्रत्येक मोजा एकाच जागी ताणला जातोय हे तिला मास्तरांच्या आधी पंधरा दिवस कळलं होतं. स्वतः होऊन सांगतील म्हणून ती वाट पाहत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने याहून मोठ्या गोष्टींची वाट पाहिली होती.

आता मरायचंच म्हटल्यावर मास्तरांना आठवला तो धाकटा.

मास्तरांच्या दुकानाला लागून, मध्ये एक फळ्यांची भिंत सोडून, धाकट्या मास्तरांचं दुकान होतं. हे सख्खे भाऊ. वडिलांच्या वेळी दुकान एकच होतं आणि वडिलांनी एक रीत घालून दिली होती: प्रत्येक जोडीतला डावा थोरल्याने करायचा, उजवा धाकट्याने. म्हणजे कोणालाही "हा जोडा मी एकट्याने केला" असं मिरवता येणार नाही, आणि दोघांनी सारखंच काम केलं नाही तर गिऱ्हाईक लंगडेल. तीस वर्षं ही रीत चालली. मग पोलीस बँडच्या प्रमुखांचे जोडे करायची वेळ आली.

त्या दिवशी थोरले तळ ठोकत होते. तळ ठोकताना बारीक खिळे हातात धरून चालत नाही, ते ओठांत धरावे लागतात, एकेक काढायचा आणि ठोकायचा. या खिळ्यांना चुका म्हणतात. आणि तोंड चुकांनी भरलेलं असताना थोरले काहीतरी म्हणाले. काय म्हणाले, यावरून पुढे अकरा वर्षं रणकंदन झालं. ऐकू आलं ते फक्त "आ आवा". थोरल्यांचं म्हणणं, आपण चहा मागितला होता, "चहा हवा." धाकट्यांचं म्हणणं, दादाने कातड्याकडे बोट करून सांगितलं होतं, "हा डावा." त्या दिवशी चहा आला होता की नाही, हे मात्र कोणालाच आठवत नव्हतं. निदान तसं दोघंही म्हणत.

व्हायचं ते झालं. थोरल्यांनी डावा केला आणि धाकट्यांनीही डावाच केला. प्रमुख घाईघाईत जोडे घालून संचलनाला गेले आणि सलामीच्या मंचासमोरून जाताना हळूहळू उजवीकडे वळत गेले. त्यांच्यामागे बँडही वळला, कारण प्रमुखांच्या मागे जायचं एवढंच बँडला ठाऊक. सगळे जण वाजवत वाजवत पाहुण्यांच्या खुर्च्यांमध्ये शिरले. त्या संध्याकाळी जोडे परत आले, आणि आठवड्याभरात दुकानात फळ्यांची भिंत उभी राहिली. वाटणीत पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे थोरल्यांकडे आले, मापांची जाडजूड वही धाकट्यांकडे गेली, आणि दोन डाव्या जोड्यांतला एकेक प्रत्येकाने पुरावा म्हणून घेतला. आजही तो दोघांच्या काचेत आहे. थोरल्यांच्या काचेत चिठ्ठी आहे, "हा डावा, ज्याने करायचा त्यानेच केला." धाकट्यांच्या काचेत आहे, "हा डावा, सांगितला म्हणून केला."

अकरा वर्षं भाऊ बोलले नाहीत. चार वर्षांपूर्वी धाकट्याची बायको वारली तेव्हा थोरले अंत्ययात्रेला गेले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि तसेच परत आले. त्यांची बायको मात्र पहिल्या दिवसापासून दीराशी बोलत होती, त्याला रोज जेवणाचा डबाही देत होती. "भांडण तुमचं आहे," ती म्हणायची, "मला कोणी वाटा दिलेला नाही."

तर मरण दारात आल्यावर थोरल्यांना वाटलं, खरंच आपण काय म्हणालो होतो त्या दिवशी? तोंडात दहाबारा चुका. आतून "चहा हवा" निघालं असेल, पण बाहेर काय पडलं कोणास ठाऊक. जाता जाता एका 'डावा'पायी भाऊ तोडून जायचं का? शनिवारी दुपारी त्यांनी एक कागद घेतला आणि लिहिलं:

"धाकट्या, त्या दिवशी माझ्या तोंडात चुका होत्या. मी 'हा डावा' म्हणालो असेन. चूक माझी. दादा."

आजाराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. भाऊ हवा होता, त्याची दया नको होती. धाकटा लेकीकडे आठ दिवस गेला होता, तेव्हा मागच्या अंगणात जाऊन त्यांनी त्याच्या मागच्या दाराखालून कागद आत सरकवला. मग हलक्या मनाने येऊन बसले, आणि सोमवारी एकदाचं काय ते कळू दे म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा अर्ध्या नंबराने मोठा आहे, हे जगात तिघांनाच माहीत होतं आणि त्यातले दोघे भाऊ होते.

"माझं एक गिऱ्हाईक आहे," मास्तर खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले. "त्याच्या पायाला गाठ आलीय. लाजाळू माणूस. म्हणाला, तुम्हीच विचारून या."

"अस्सं. कुठे आलीय?"

"डाव्या पावलावर. वरच्या अंगाला."

"दाबली की हलते का जराशी?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. "विचारून सांगतो," म्हणाले आणि बाहेर गेले. बाहेरच्या बाकावर पाठ करून बसले, जोडा काढला, मोजा खाली केला, गाठ दाबली, सगळं पुन्हा चढवलं आणि आत आले. "थोडी हलते म्हणतो."

"घट्ट आहे का, की दाबल्यावर रबरासारखी लागते?"

"विचारतो." पुन्हा बाहेर, पुन्हा जोडा, पुन्हा मोजा. बाकावरच्या एका बाईंनी आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली. "रबरासारखी," मास्तर आत येऊन धापा टाकत म्हणाले.

"कधी लहान, कधी मोठी होते का?"

"हो ना! दिवसभर चाललं की फुगते आणि सकाळी बघावं तर बसलेली," मास्तर एका दमात बोलले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की या खेपेला आपण बाहेर गेलोच नाही.

"गिऱ्हाईक फारच मोकळेपणाने बोललंय तुमच्याशी," डॉक्टरीणबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. "त्याला सांगा, सारख्या येरझारा घातल्या तर पाय आणखी दुखेल. तिथे टेबलावर बस म्हणावं, आणि मोजा काढ."

मास्तर टेबलावर बसले. डॉक्टरीणबाईंनी खोलीतला दिवा मालवला आणि छोटी बॅटरी गाठीच्या कडेला टेकवली. गाठ आतून लालसर उजळली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"उघडा डोळे, बघा. उजेड आरपार जातोय. आत मांसाचा गोळा असता तर उजेड अडला असता. ही पाण्याची पिशवी आहे. सांध्यात वंगण असतं ना, ते एखाद्या कमजोर जागेतून बाहेर फुगतं आणि त्याची अशी थैली होते. आत जेलीसारखं चिकट पाणी."

"म्हणजे... तसली नाही?"

"तसली नाही. तरी नुसत्या बॅटरीवर विश्वास ठेवायचा नाही, शेजारच्या खोलीत सोनोग्राफी करून टाकू."

सोनोग्राफीतही पाणीच निघालं. अहवालाचं पाकीट त्यांच्या हातात देत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कापायची गरज नाही. सध्या काहीच करायचं नाही. जेवढे दिवस आहे तेवढे दिवस राहू द्यायची. बऱ्याचदा आपोआप जिरते. फारच त्रास झाला तर सुईने पाणी काढता येतं, पण ती पुन्हा भरते. शस्त्रक्रिया अगदी शेवटी, आणि त्यानंतरही कधी कधी परत येते. आणि कोणी सांगेल की जाड पुस्तक आपटा, फुटेल. पूर्वी लोक तसं करत. तुम्ही करू नका. हाड मोडेल, आणि गाठ परत येईल ती येईलच."

"नाही करणार."

"झपाट्याने वाढली, कडक झाली, बोटांना मुंग्या आल्या, तर मात्र त्याच दिवशी यायचं. आणि आणखी एक. गिऱ्हाइकांना 'काही नाही हो' सांगता ना, ते बंद करा. वरून बघून मलाही कळत नाही, तुम्हाला कसं कळेल? इकडे पाठवत जा." मग त्यांनी मास्तरांचा जोडा उचलून उलटसुलट पाहिला. नाडीखालच्या जिभेच्या आतल्या बाजूला गाठीचा खळगा पडला होता. "गाठ नेमकी कशाने होते ते सांगता येत नाही, पण दुखतेय ती याच्यामुळे. कोणी केला हा?"

"मीच."

"मग त्या कारागिराला सांगा, वरून माप चुकलंय."

पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य मास्तरांना कोणी ऐकवलं नव्हतं. आणि ते खरं होतं, हे जास्त झोंबलं. जोडे करणाऱ्याला जगातल्या सगळ्यांच्या पायाचं माप घेता येतं, एक स्वतःचा पाय सोडून. माप घ्यायचं तर माणसाने सरळ उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून समोर बघायचं. स्वतःचं घ्यायला वाकलं की भार पुढे येतो, पाऊल पसरतं, वरचा उंचवटा खाली बसतो, आणि जोडा वरून आवळतो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण लोक टोमण्याला वापरतात. यांच्या घरी तो धंद्याचा पहिला धडा होता. तीस वर्षं थोरल्याचं माप धाकट्याने घेतलं आणि धाकट्याचं थोरल्याने. भांडणानंतर थोरले वाकून स्वतःच घेऊ लागले. एकदा बायकोला टेप दिली होती, पण त्यांना गुदगुल्या झाल्या आणि तिला हसू आवरेना. त्या मापाने झालेल्या जोड्यात मास्तर आणि शेजारचं मांजर दोघंही मावले असते.

काही असो, जीव तर वाचला होता! हा आनंद दवाखान्याच्या पायरीपासून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत टिकला. कोपऱ्यावर वळताच समोर धाकट्याची काच दिसली, काचेतला डावा जोडा दिसला, आणि मास्तर जागच्या जागी थांबले. चिठ्ठी!

मरणाऱ्याचं एक बरं असतं, त्याने चूक कबूल केली की लोक डोळे पुसतात आणि तो निघून जातो. पण मास्तर तर आता जगणार होते. कदाचित आणखी वीस वर्षं. आणि ती वीस वर्षं "चूक माझी. दादा." हा कागद शेजारच्या काचेत, डाव्या जोड्याला टेकवून उभा राहणार होता. धाकटा त्याला चौकट करून घेणार, रोज सकाळी पुसणार, याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती. कारण त्यांनी स्वतः तेच केलं असतं.

धाकटा गुरुवारी येणार होता. आज सोमवार. मास्तरांनी अहवालाचं पाकीट कामाच्या टेबलावर टाकलं, हातभर लांब तार घेतली, तिच्या टोकाला दोऱ्याला लावायच्या मेणाचा गोळा चिकटवला आणि मागच्या अंगणात गेले. डावा जोडा आता सहन होत नव्हता, तो काढून बाजूला ठेवला. मग ते धाकट्याच्या दाराशी सपशेल पालथे पडले, गाल फरशीला लावला आणि दाराखालून तार आत घातली.

कागदाचं टोक दिसत होतं. मेण टेकवलं, ओढलं, सुटलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्या वेळी कागद असा शहाण्यासारखा बाहेर आला की मास्तरांना स्वतःच्या कसबाचं कौतुक वाटलं. त्यांनी पडल्या पडल्याच घडी उघडली. त्यांचं अक्षर, त्यांचेच शब्द. आणि त्याखाली, कातड्यावर खुणा करायच्या लाल पेन्सिलीने, धाकट्याच्या हातचं एक वाक्य:

"वाचलं. मान्य आहे. तारीख घालायची राहिलीय."

दार उघडलं.

"अकरा वर्षांनी आलास," वरून आवाज आला, "तो एकदम लोटांगण घालतच?"

धाकटा कालच परतला होता. नातवंडांनी डोकं उठवलं म्हणून लवकर निघाला होता. चिठ्ठी वाचून, खाली आपलं वाक्य लिहून, दादा ती परत न्यायला येईलच म्हणून त्याने ती मुद्दाम दाराशीच ठेवली होती. थोरल्यांच्या बायकोने काल त्याला डबाही दिला होता, पण नवऱ्याला हे सांगणं तिला आवश्यक वाटलं नव्हतं.

"काहीतरी पडलं होतं माझं," थोरले फरशीला गाल लावूनच म्हणाले.

"दिसतंय काय पडलं होतं ते. काचेत जागा करून ठेवलीय मी त्याला. आण इकडे." धाकट्याने कागदासाठी हात पुढे केला, आणि तो हात तसाच राहिला. जोडे करणाऱ्याची नजर शेवटी पायावरच जाते. थोरले उठून बसत होते आणि त्यांचा उघडा डावा पाय उन्हात होता. "दादा, हे काय आहे पायाला?"

"गाठ आहे."

"कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"डॉक्टरला दाखवलीस?"

"आत्ता तिथूनच येतोय."

"मग? काय म्हणाल्या?"

इथे थोरल्या मास्तरांनी भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. आणि आयुष्यभर सरळ टाके घातलेल्या या माणसाच्या मनात एक वाकडा टाका आला. खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. एक शब्दही खोटा बोलायचा नाही.

"कापायची गरज नाही म्हणाल्या," ते हळू आवाजात बोलले.

धाकटा उंबऱ्यावर मटकन बसला. "म्हणजे?"

"म्हणजे आता काही करायचं नाही. जेवढे दिवस आहे तेवढे दिवस."

"शस्त्रक्रिया?"

"अगदी शेवटी, म्हणाल्या. आणि तरी परत येते."

धाकट्याने डोकं दोन्ही हातांत धरलं.  "म्हणून लिहिलंस तू हे," तो म्हणाला. "म्हणून लिहिलंस! आणि मी वर 'मान्य' लिहिलं." त्याचा आवाज फाटला. "दादा, तू चहाच मागितला होतास रे."

थोरल्यांनी कान टवकारले. "काय?"

"'चहा हवा' म्हणाला होतास. मला नीट ऐकू आलं होतं. मी उठून चहा आणला, तू प्यालास. तो डावा मी माझ्या तंद्रीत कापला. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याचा डावा पाय आपल्या उजव्या हाताला येतो, बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं, आणि तीस वर्षं काम करून मी तिथेच घसरलो. लाज वाटली. 'हा डावा' ऐकू आलं, हे मी मागाहून रचलं. मग ते इतक्यांदा सांगितलं की परत घेता येईना."

अकरा वर्षं थोरल्यांनी या वाक्याची वाट पाहिली होती. ते कानांवर पडलं की आपण काय काय बोलू, याची त्यांनी कितीतरी वेळा उजळणी केली होती. आणि आता ते आलं होतं. समोर बसलेला धाकटा डोळे पुसत होता. थोरल्यांना आनंद झाला, खूप झाला, आणि त्याहून जास्त स्वतःची शरम वाटली. आता खरं सांगायला हवं, असं त्यांनी ठरवलं, पण तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"अहो, किती रडवाल त्याला?" बायको आपल्या मागच्या दारात उभी होती आणि तिच्या हातात अहवालाचं पाकीट होतं. "भाऊजी, पुसा ते डोळे. जेलीची पिशवी आहे ती. साधी गाठ, धोका नाही, असं इथे छापून दिलंय. तुमच्या भावाला काहीही झालेलं नाही. आठवडाभर मोजे घालून झोपतोय हा माणूस!"

धाकट्याने पाकिटाकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. मग उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत मापांची वही होती. वडिलांच्या वेळची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, उशीएवढी जाड.

"असल्या गाठीवर जाड पुस्तक आपटतात ना रे दादा?" त्याने वही डोक्यावर उचलत शांतपणे विचारलं.

"नको! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड मोडतं!" थोरले बसल्या बसल्या मागे सरकत भिंतीपर्यंत गेले. "आणि मी खोटं काय बोललो? एक शब्द दाखव खोटा!"

"एकही नाही. तेच तर!" धाकटा ओरडला. वही अजून हवेतच होती. "तुझ्यासारख्या माणसाशी गाठ पडली हेच माझं नशीब! मेला असतास तर मी काय केलं असतं?"

"काय केलं असतंस?"

"काचेतनं तो जोडा काढला असता," धाकटा म्हणाला, आणि त्याला पुन्हा रडू आलं. त्याने वही धप्पकन खाली टाकली. ती आपोआप मधेच उघडली. त्या पानावर थोरल्यांच्या पायाची रेघ होती, अकरा वर्षांपूर्वीची. दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

"हे डबडं कोणी केलं?" धाकट्याने बाजूला पडलेला डावा जोडा उचलून विचारलं.

"मी."

"वाकून माप घेतलंस?"

"मग काय करणार होतो?"

"ऊठ," धाकटा म्हणाला. "चल आत. उभा राहा सरळ."

आत धाकट्याने माप घ्यायचं लाकडी स्टूल ओढलं. ते एका पायात डुगडुगत होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, थोरल्यांच्या हातातली "चूक माझी" वाली चिठ्ठी काढून घेतली, तिच्या चार घड्या केल्या आणि स्टुलाच्या पायाखाली दाबली. स्टूल घट्ट बसलं. 

थोरले माप घ्यायच्या फळीवर उभे राहिले, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून. समोर बघायचं असतं, पण त्यांनी चोरून खाली पाहिलंच. स्टुलावर बसून पायाशी वाकलेल्या धाकट्याच्या डोक्यावर मधोमध चांगलं वाटीएवढं टक्कल पडलं होतं. हे कधी पडलं ते आपल्याला माहीतच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. भाऊ म्हातारा झाला होता, आणि मध्ये फक्त एक फळ्यांची भिंत होती.

"समोर बघ," धाकटा न बघताच म्हणाला. त्याने वहीतला कोरा कागद काढून फळीवर त्यांच्या पायांपुढे पसरला, तो ठोकायला चार चुका ओठांत धरल्या, हातोडी उचलली, आणि मान वर करून भरल्या तोंडाने विचारलं,

"आ आवा?"

थोरले क्षणभर गोंधळले. मग त्यांनी डावा पाय पुढे केला, आणि उगाच धोका नको म्हणून अंगणाकडे तोंड करून बायकोला ओरडून सांगितलं, "अगं, चहा टाक!"